राज्यसभेची पाच वर्षं

मी जात्याच संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने वरचे टोमॅटो चांगले दाखवले की माझा हात आपोआप खालच्या टोमॅटोंकडे जातो. आमच्या घराण्यातले एक पूर्वज म्हैसूरच्या जुन्या फौजेत होते. लढाई त्यांनी किती केली कोण जाणे, पण पहाऱ्याला उभे असायचे एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तोच पहारा माझ्यात उतरलाय, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. हायस्कूलमध्ये सव्वीस वर्षं समाजविज्ञान शिकवलेल्या बाईला पहारा द्यावाच लागतो.

गेल्या वर्षी आमच्या हेडमिस् कुठल्याशा ट्रेनिंगला जाऊन आल्या आणि आल्या त्या उलटा वर्ग घेऊनच आल्या. म्हणजे काय, तर धडा आपण मोबाइलवर बोलून व्हिडिओ करायचा, मुलांनी तो घरी बघून वहीत टिपणं काढायची, आणि वर्गात येऊन चर्चा, गटकाम, वाद-विवाद करायचा. थोडक्यात शिकवायचं घरी आणि घरचा अभ्यास शाळेत. सुरुवात नववीपासून, आणि विषय माझा.

"अय्यो, माझाच का?" मी विचारलं.

"तुमच्या विषयात बोलायला खूप असतं ना," हेडमिस् म्हणाल्या. त्यांच्या हसण्यात मला काहीतरी वेगळं दिसलं. ही बाई वर्गात फार बोलते असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार, अशी शंकेची पाल तेव्हापासून माझ्या मनात चुकचुकते आहे. अजून खात्री झालेली नाही.

पालकांना बोलावून हे सगळं समजावलं. बहुतेक जण माना डोलावून गेले. एकजण मात्र थांबला. कडकोळच्या एका कारखान्यात कामाला होता, अंगावर कंपनीचा निळा शर्ट, शेजारी त्याची मुलगी. तिथेच एका खोलीत दोघं बापलेक राहत होते. मुलीची आई गावी सरगूरला, आजीच्या दुखण्यात अडकलेली. मोबाइल घरात एकच, तो बापाच्या खिशात. सकाळची पाळी असली तर दुपारनंतर पोरीच्या हाती लागायचा, दुसरी पाळी असली तर फक्त सकाळी, शाळेच्या बसच्या आधी.

"चालेल," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मिस्, एक सांगतो. माझ्या पाळीला ही खोलीत एकटी असते. जिवाला घोर लागतो. सरगूरला आजीपाशी ठेवावी, तिथल्या शाळेत घालावी, असं माझं म्हणणं. ही म्हणते दहावी इथेच करीन. हट्टच धरलाय. मग मी म्हटलं, बरं. पण डायरीत एक तक्रार आली की मी टीसी काढणार, शाळाच सोडवणार. तुम्ही काही दिसलं तर लिहा हं मिस्, मागंपुढं बघू नका."

मुलगी खाली बघत होती. मला बाप आवडला. शिक्षकांच्या शब्दाला अजून किंमत देणारा माणूस भेटला म्हणून मी घरी येऊन ह्यांना कौतुकाने सांगितलं. तिच्या बाजूने विचार करावा असं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. (हे सगळं बोलणं कन्नडात, व्हिडिओ कन्नडात, वर्गही कन्नडातच. मी इथे मराठीत सांगते आहे.)

तर व्हिडिओ सुरू झाले. म्हैसुरात कुवेंपुनगरच्या आमच्या घरात पांढरी स्वच्छ भिंत एकच, ती स्वयंपाकघरात. तिथे मी उभी राहणार, हे मोबाइल धरणार, आणि बरोब्बर मूलभूत हक्कांशी आल्यावर कुकर शिट्टी देणार. नऊ मिनिटांचा व्हिडिओ करायला दीड तास जायचा. वर्गात बोलताना समोर चाळीस चेहरे असतात. कोण जांभई देतंय, कुणाच्या डोळ्यांत काही उतरतंय, ते दिसतं. इथे समोर काय, तर नवऱ्याची बोटं आणि मोबाइलचं भोक. त्याच्याकडे बघून मी संसद शिकवत होते.

व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकला की अंगठे यायला लागायचे. बघितला, मिस्. बघितला, मिस्. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की नऊ मिनिटांच्या व्हिडिओला दोन मिनिटांत पंचवीस अंगठे येतात. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! मी भाजी ठेवून, कुकर बंद करून, चांगली साडी नेसून उभी राहते, आणि ही कार्टी न बघताच अंगठे दाखवतात?

वर्गात विचारलं, "सगळ्यांनी बघितला?"

"हौदु मिस्!" सगळ्यांच्या होकाराचा एक सूर. एवढा एकसूर खऱ्याचा नसतो. खरं बोलणारी पोरं पुढेमागे होतात, अडखळतात.

आणि ती कडकोळची मुलगी? तिचा अंगठा कधी दुसऱ्या दिवशी यायचा, कधी यायचाच नाही. पण वही बघावी तर टिपणं पूर्ण, नीटनेटकी, एकही मुद्दा सुटलेला नाही. मोबाइल हाती नाही आणि वही सगळ्यात चांगली! माझ्यासारखीला आणखी काय हवं? मी ठरवून टाकलं की ही गाईडातून उतरवते. बापाच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यांत तर मी तिच्या वहीकडे जास्तच बारकाईने बघायचे. सापडत काहीच नव्हतं, आणि सापडत नाही म्हणून संशय वाढत होता.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. सव्वीस वर्षं आपण बोलतो ते मुलं ऐकतात, या एका समजुतीवर मी रोज शाळेत जात होते. ती समजूत या मोबाइलने उचलून उन्हात ठेवली होती. पण तेव्हा मी हे कुणाजवळ कबूल केलं नाही. चिडणं सोपं होतं, मी चिडले.

मग मी सापळा लावला. केंद्र सरकारच्या धड्यात लोकसभेची मुदत पाच वर्षं आणि राज्यसभेच्या सदस्याची सहा. हे मी झोपेतसुद्धा सांगीन. व्हिडिओत मात्र मुद्दाम म्हणायचं, राज्यसभेच्या सदस्याची मुदत पाच वर्षं. ज्याने व्हिडिओ बघितला त्याच्या वहीत पाच असणार. ज्याच्या वहीत सहा, त्याने न बघता पुस्तकातून नाहीतर गाईडातून उतरवलं. साधा हिशोब. मला तर तो इतका आवडला की मी स्वतःशीच हसले.

ह्यांनी मोबाइल खाली घेतला. "अगं, सहा ना?"

"असू द्या. तुम्ही धरा."

"चुकीचं शिकवतेस पोरांना?"

"एका दिवसापुरतं. उद्या वर्गात सांगणारच आहे ना खरं काय ते."

"तू मास्तरीण आहेस की पोलीस?" असं म्हणून ह्यांनी पुन्हा मोबाइल धरला. मी हसत हसत पाच म्हटलं, आणि नेमकी तेव्हा कुकरने शिट्टी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात लुटुपुटूची संसद भरवायची होती. बाकं दोन बाजूंना सरकवलेली, एका पोराने सभापती म्हणून शाल पांघरलेली. मी म्हटलं, आधी वह्या. दारापासून सुरुवात केली. पाच, पाच, पाच. माझं मलाच नवल वाटलं. म्हणजे बघतात की काय खरंच? मनातून बरं वाटलं. मग पहिल्या बाकावरच्या एकीच्या वहीत सहा सापडले.

"बघितलास व्हिडिओ?"

तिने जीभ चावली. "नाही मिस्. गाईडातून उतरवलं."

झालं! माझा सापळा बिनचूक होता. मी तिला दोन शब्द सुनावले आणि पुढे सरकले. शेवटून दुसऱ्या बाकावर कडकोळची मुलगी. वही उघडली. सहा.

"बघितलास?"

"बघितला मिस्."

"नक्की?"

"हो मिस्."

"मग राज्यसभेबद्दल मी काय सांगितलं त्यात?"

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग आजूबाजूच्या मुलांकडे, मग बाकाकडे. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. सगळा वर्ग वळून बघायला लागला. शालवाला सभापतीसुद्धा.

"सहाच ना, मिस्?" ती अगदी हळू म्हणाली.

मला तो उद्धटपणा वाटला. ही मलाच विचारते? पहिल्या बाकावरचीने निदान खरं तरी सांगितलं. ही तोंडावर खोटं बोलते आणि वर प्रश्न करते! मी तिची डायरी मागितली आणि लाल पेनाने लिहिलं: व्हिडिओ न बघता बघितला असं खोटं सांगते, गाईडातून उतरवते. पालकांनी सही करून भेटावे.

लिहिताना मला तिच्या बापाचं बोलणं आठवलं नाही, असं मी म्हणू शकले असते. पण आठवलं होतं. चांगलं आठवलं होतं. अशा बापाला कळलंच पाहिजे, असंच मला वाटलं. डायरी घेताना ती त्या लाल ओळींकडेच बघत होती, तेही मी बघितलं. मग संसद भरली, आणि मी उगाच जास्त हसून सगळ्यांना बोलायला लावलं. खरं काय ते सांगायचं राहूनच गेलं.

त्या दिवशी वह्यांचा गठ्ठा मी घरी आणला. संध्याकाळी चहा घेत चाळायला बसले. पाच, पाच, पाच. संसदेचा तक्ता प्रत्येकाने काढला होता, व्हिडिओत मी काढला तसा. एका वहीत राष्ट्रपतींचा चौकोन चुकून सर्वांत खाली काढलेला दिसला. पुढच्या वहीतही खाली. त्याच्या पुढच्याही. मी चहा बाजूला ठेवला. पंधरा-सोळा वह्यांत राष्ट्रपती लोकसभेच्या पायाशी बसलेले! कुणीतरी एकाने व्हिडिओ बघून घाईत तक्ता काढला होता, आणि बाकीच्यांनी शाळेत आल्यावर त्याच्याच वहीतून सगळं उतरवलं होतं, माझ्या पाच वर्षांसकट. म्हणजे जे माझ्या सापळ्यातून सुटले होते त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी व्हिडिओ बघितलाच नव्हता.

मग मी तिची वही काढली. राष्ट्रपती वर, जागच्या जागी. राज्यसभेपुढे सहा. त्या ओळीच्या कडेला समासात काहीतरी पेन्सिलीने लिहून खोडलेलं होतं. खिडकीपाशी नेऊन, वही तिरकी धरून वाचलं. "चौथं मिनिट. मिस् पाच म्हणाल्या. पुस्तकात सहा. विचारू?" आणि त्याखाली, तेही खोडलेलं, "नको."

 ह्यांनी विचारलं, काय झालं? मी वही दाखवली. ह्यांना पेन्सिलीचं नीट दिसेना, तेव्हा मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. 

चाळीस पोरांत एकीने माझं बोलणं मन लावून ऐकलं होतं. पुस्तक शेजारी उघडं ठेवून ऐकलं होतं. तिला चूक दिसली, आणि सगळ्यांसमोर मिस्‌ना चुकीचं कसं ठरवायचं म्हणून तिने बरोबर आकडा गुपचूप लिहून ठेवला. मी विचारलं तेव्हाही तिने मला वाचवायलाच बघितलं होतं. सहाच ना मिस्, म्हणून हळूच मला आठवण करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. मी दिवसभर दाराकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी आली, पण युनिफॉर्ममध्ये नाही, बापाबरोबर. त्याच्या हातात चार घड्या घातलेला कागद. टीसीसाठी अर्ज. मी त्या दोघांना हेडमिस्‌च्या खोलीपर्यंत जाऊच दिलं नाही. स्टाफरूममध्ये बसवलं. ती बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"तुमची मुलगी खोटं बोललेली नाही," मी म्हटलं. "चूक माझी आहे. मी व्हिडिओत मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले. "मिस्, तुम्ही मोठ्या मनाच्या. पोरीसाठी स्वतःवर घेताय."

"अय्यो, नाही हो! खरंच सांगते."

"राहू द्या मिस्. शिक्षक मुद्दाम चुकीचं कशाला सांगतील? तुम्ही लिहिलंय म्हणजे तसंच असणार. मी हिला आधीच सांगितलं होतं, एक तक्रार. आजीपाशी राहील, बरं होईल."

मी समजावत होते आणि तो मान हलवत होता, इतक्या विश्वासाने की मला रडू यायचं बाकी होतं. आयुष्यभर मी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. आणि हा माणूस माझ्या लाल पेनावर एवढा विश्वास ठेवून बसला होता की मी खोटारडी आहे हे त्याला माझ्या तोंडून ऐकूनही पटेना. शेवटी मी माझा मोबाइल काढला, व्हिडिओ लावला आणि त्याच्या हातात दिला. शेजारी पाठ्यपुस्तक उघडून ठेवलं, सहा या आकड्यावर बोट ठेवलं.

त्याने मोबाइल दोन्ही हातांनी धरला आणि पहिल्यापासून बघायला सुरुवात केली. मी म्हटलं, पुढे ढकला, चौथ्या मिनिटाला आहे. त्याने ढकललं नाही. स्टाफरूममध्ये माझाच आवाज घुमत होता, शहाणा, समजावणारा. चौथ्या मिनिटाला मी हसत हसत पाच म्हटलं. त्याने पुस्तकाकडे बघितलं. मोबाइलकडे बघितलं. पुन्हा पुस्तकाकडे.

मग तो मुलीकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"हो अप्पा."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळ्यांसमोर मिस् चुकल्या असं कसं म्हणू? तुम्हीच सांगितलंय, शिक्षकांना उलटून बोलायचं नाही."

त्याने कागदाला आणखी एक घडी घातली आणि निळ्या शर्टाच्या खिशात ठेवला. मी डायरी मागून घेतली, लाल ओळींवर काट मारली आणि खाली लिहिलं की वरची तक्रार खोटी आहे, चूक शिक्षिकेची. सही केली. त्याने ते वाचलं, डायरी मुलीच्या हातात दिली. "जा, वर्गात जा," तो म्हणाला. ती जवळजवळ पळतच गेली, युनिफॉर्म नव्हता तरी.

मला सुटल्यासारखं वाटलं. त्याला निरोप द्यायला मी दारापर्यंत गेले. तो पायरीवर थांबला. उद्धटपणे नाही, अगदी आदराने विचारलं, "मिस्, मग बाकीच्या व्हिडिओंत?"

"नाही हो! बाकीचे सगळे बरोबर आहेत. अगदी खात्रीने सांगते."

"सरी, मिस्," म्हणजे बरं, असं तो म्हणाला. पण मान ज्या तऱ्हेने हलवली ती मी ओळखली. मीही भाजीवाल्यासमोर तशीच हलवते.

त्याच दिवशी मी वर्गात सगळं सांगितलं. पाच माझे, सहा पुस्तकाचे, सापळा माझा, आणि त्यात सापडली ती तुमच्यातली एकटी नीट ऐकणारी. राष्ट्रपतींचा चौकोन खाली काढणाऱ्यांनाही उभं केलं, पण ओरडले नाही. ओरडायला तोंड कुठे होतं? ती मुलगी वहीत डोकं घालून बसली होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

उलटा वर्ग अजून चालू आहे. अंगठे आता कमी येतात, पण टिपणं निरनिराळी असतात, आणि वादविवादात पोरं अशी काही बोलतात की मी ऐकत राहते. मुलगी इथेच आहे, यंदा दहावीला. सापळा मी पुन्हा कधी लावला नाही. लावायची गरजच उरली नाही.

मागच्या आठवड्यात राष्ट्रपतींच्या निवडणुकीवर बोलणं चाललं होतं. मी सांगितलं की राष्ट्रपतींना आपण थेट मत देत नाही, आपण निवडून दिलेले आमदार-खासदार देतात. शेवटून दुसऱ्या बाकावरून तिचा हात वर आला. हल्ली ती हात वर करते.

"मिस्, हे खरं आहे की मुद्दाम ठेवलेलं आहे?"

आवाजात थट्टा नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. कुणी हसलं नाही. सगळ्यांची पेनं वहीवर थांबली होती आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"खरं आहे," मी म्हटलं.

"बरं, मिस्," ती म्हणाली, आणि खाली बसून तिने पुस्तक उघडून बघितलं.